हिरव्या रंगाची गाडी

गाडीला रंग द्यायचा तेवढा राहिला होता आणि त्याच मंगळवारी बापाने आईचा हात मोडला.

कारण सांगितलं तर कुणालाही खोटं वाटेल. डेअरीचा सेक्रेटरी गाडी बघायला आला होता. तीन वर्षं ती गाडी आमच्या शेडमध्ये आकार घेत होती. चासी भंगारातल्या जीपची. इंजिन एका उलटलेल्या टेम्पोचं, ते मी जमवलेलं. अंग मात्र सगळं बापाचं. तेलाचे बॅरल उभे चिरून, सपाट करून, लाकडी मोगरीने ठोकून ठोकून त्याने त्यातून दारं काढली होती, बॉनेट काढलं होतं, मडगार्डची गोलाई काढली होती. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. लोक त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे ठोक्या. दोन्ही नावं बरोबरच होती.

त्या साली पाऊस झाला नव्हता. पीक नाही तर कुणी ट्रॉली दुरुस्तीला आणत नाही, आणि ट्रॉली नाही तर आम्हाला काम नाही. शेडमध्ये माशा मारत बसायची पाळी आली होती. मला दगडाच्या खाणीवर जावं लागणार हे जवळपास ठरलं होतं. गेल्या वर्षी खाणीवर गेलेले आमच्या आळीतले दोघे परत येऊन अजून खोकत होते. त्यामुळे सेक्रेटरी गाडीभोवती फिरत होता तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. त्याने दार दोनदा उघडून लावलं, इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान डोलावली.

"चालेल, मिस्त्री. सोमवारपासून आठ गावांचे दुधाचे कॅन तुमच्याकडे. पण एक सांगतो. डेअरीच्या सगळ्या गाड्या गडद हिरव्या आहेत. लोक रंग बघून कॅन बाहेर आणून ठेवतात. दुसरा रंग असेल तर गेटातून आत घेणार नाही, मग तुम्ही माझे सासरे का असेनात."

"हिरवा म्हणजे हिरवा," बाप म्हणाला.

आई चहाचे कप उचलत होती. ती सहज बोलून गेली, "रंग आणायला मी येते बरोबर."

एवढंच. सेक्रेटरी हसला. "बघा मिस्त्री, रंगाचं खातं वहिनींकडे दिसतंय." बापही हसला. सेक्रेटरीची मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत तो हसतच होता. मग त्याने मोगरी उचलली. आईने डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि मोगरी मनगटावर बसली. आई ओरडली नाही. तिने फक्त डाव्या हातातले कप खाली नीट ठेवले आणि मग ती बसली.

मी मध्ये पडलो नाही. सत्तावीस वर्षांचा घोडा, गिअरबॉक्स एकट्याने उचलणारा, आणि मी तिथे पाना धरून उभा राहिलो. हे सांगताना आजही मान खाली जाते.

दवाखान्यात प्लास्टर घातल्यावर ती घरी यायला तयार होईना. मावशीचं गाव सायकलवर अर्ध्या तासावर. तिथे तिला सोडलं. निघताना तिने डाव्या हाताने माझी बाही धरली.

"रंग आणायला त्यांना एकट्याला सोडू नकोस. तू जा."

"का?"

"जा म्हटलं ना."

मी गेलो नाही. बापाबरोबर दोन पावलं चालायचीही माझी इच्छा नव्हती.

बुधवारी आणि गुरुवारी सकाळी मी आणि बायको गाडी घासत होतो. बाप डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचा आणि केसभर खड्डा लागला की खडूने गोल करायचा. तिथे आम्ही खड्डा बुजवायची लांबी भरायची, ती वाळली की पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायची, मग पुन्हा त्याचा तळवा. त्या तळव्याला चूक सापडायचीच. दुसऱ्या दिवशी बायकोच्या बोटांची टोकं सोलून निघाली, म्हणून तिने चिंध्या गुंडाळल्या.

"घासतेस की गाडीला न्हाऊ घालतेस?" असं म्हणून बापाने पाण्याची बादली लाथेने उडवली.

विहीर तळाला गेली होती. एक बादली भरायला पोहरा दहा वेळा सोडावा लागायचा. माझी बायको जिभेची तिखट, माहेरी तिच्या तोंडी कुणी लागत नसे. पण आमच्या घरात दोन वर्षं काढून ती कधी बोलायचं आणि कधी गिळायचं ते शिकली होती. तिने बादली उचलली आणि विहिरीवर गेली.

जेवणं झाल्यावर बाप एकटाच बाजारच्या गावाला जाऊन आला. सायकलच्या हँडलला दोन मोठे डबे लटकत होते. एकाचं झाकण त्याने पेचकसाने उचकटलं, काडीने रंग ढवळला आणि काडी उन्हात वर धरली. काडीवरून रंग ओघळत होता. भाजलेल्या विटेसारखा, गडद लाल.

"बघ," तो म्हणाला. "कसा शेवाळासारखा आहे. सेक्रेटरी तोंडात बोट घालेल."

बायकोने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

आता कुणी म्हणेल, समोर लाल दिसत असताना तुमची दातखीळ का बसली? त्याने माझ्या बापाच्या हाताखाली बालपण काढलेलं नाही. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो दोन डबे उघडे करून माझ्यासमोर ठेवायचा आणि विचारायचा, "हिरवा कुठला? बोट ठेव." मी बोट ठेवायचो. जरा उशीर झाला, जरा अडखळलो, की कानाखाली. बरोबर सांगितलं तरी कधीकधी पाठीत बुक्का बसायचा, "एवढा विचार कशाला लागतो?" म्हणून. एकदा मी खेळता खेळता फळीवरच्या डब्यांच्या जागा बदलल्या. त्या दिवशी कुणाची तरी लोखंडी पेटी भलत्याच रंगात रंगली, आणि मला त्याने फॅनबेल्टने इतकं मारलं की तीन दिवस पालथं झोपावं लागलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बाप रंगाचं काही बोलला की तो आपली परीक्षा घेतोय. लाल काडी वर धरून तो शेवाळ म्हणाला, तेव्हाही मला तेच वाटलं. हा फास आहे, आणि जो पहिला बोलेल त्याचा गळा आत.

"छान आहे," मी म्हणालो.

रात्री बायकोने मला कोपर मारलं. "सासऱ्यांचं डोकं फिरलंय की डोळे?"

"सेक्रेटरीची जिरवायची असेल त्यांना. ते बघून घेतील."

"आणि खाणीवर कोण जाणार? ते?"

मी कूस बदलली. 

शुक्रवारी आम्ही आख्खी गाडी लाल केली. शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, काचांना कागद चिकटवले, तोंडाला फडकी बांधली. कॉम्प्रेसर धडधडत होता. स्प्रे गन बापाच्या हातात होती आणि खरं सांगतो, ती त्याच्या हातात बघत राहावी अशीच होती. एक ओघळ नाही, एक डाग नाही. थिनरच्या वासाने आमचे डोळे चुरचुरत होते आणि गाडी हळूहळू लाल होत चालली होती. संध्याकाळी बाप गन खाली ठेवून मागे सरकला.

"आता बोला. हिरवी आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"आहे, मामंजी," बायको म्हणाली.

शनिवारी तो दिवसभर शेडच्या दारात खाट टाकून बसला. किराणावाला सायकलवरून जाताना ओरडला, "मिस्त्री, रंग फक्कड!" बापाने नुसतीच मान हलवली. पण मी बघितलं, त्याची छाती भरून आली होती. जिरवायला निघालेला माणूस असा दिसत नाही. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं. हा माणूस सोमवारी ही गाडी घेऊन खरंच डेअरीच्या गेटावर जाणार होता, हिरवी समजून.

रविवारी सकाळीच मी मावशीकडे गेलो. आई अंगणात बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होती.

"आई, गाडी लाल झालीय."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "एकटे गेले होते ना?"

"तुला माहीत होतं?"

"त्यांना लाल-हिरवं कळत नाही रे. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं. कच्चे टोमॅटो वेचून आणायचे आणि पिकलेत म्हणून सांगायचे." तिने शेंगा बाजूला केल्या. "तीस वर्षं मी फळीवर हिरवा डावीकडे आणि लाल उजवीकडे ठेवत आलेय. दुकानात मी पुढे व्हायची आणि म्हणायची, तो खिडकीजवळचा हिरवा द्या. ते मागे उभे राहायचे. या कानाचं त्या कानाला कळलं नाही."

"आणि तू त्यांना कधी बोलली नाहीस?"

"मंगळवारी बोलले की. दुसऱ्या माणसासमोर." तिने प्लास्टरकडे बघितलं.

 ते दोन डबे, ते 'बोट ठेव'. तो माझी परीक्षा घेत नव्हता. तो विचारत होता. त्याला स्वतःला कळत नव्हतं म्हणून सहा वर्षांच्या पोराकडून काढून घेत होता, आणि पोराला संशय येऊ नये म्हणून मारत होता. माझ्या पाठीवरचे सगळे वळ एका रंगाच्या डब्यापायी होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

"हे बघ," आई म्हणाली, "हिरवा घेऊन जा आणि दुसरा हात म्हणून त्यावरच मार. त्यांना कळणार नाही. काम मिळेल, सगळं निभेल. बोलू मात्र नकोस. तू बोललास तर मार मला बसेल."

बाजारच्या गावचा रंगवाला दुकानामागेच राहायचा. त्याने मला बघूनच कपाळाला हात लावला. "रंगाचं नाव न घेता त्यांनीच डब्यावर बोट ठेवलं. मी दोनदा विचारलं हो, मिस्त्री, हाच ना? नक्की? तर अंगावर धावून आले. म्हणाले, मला रंग शिकवतोस?" त्याने गडद हिरव्याचे दोन डबे पुढे केले. त्यातल्या एकाचं झाकण मी तिथेच उघडून बघितलं. मलाच आता माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता.

घरी आल्यावर बापाला म्हणालो, "रंग पातळ बसलाय. दुसरा हात मारतो."

"मी मारलेला रंग पातळ?" तो उठला, माझ्या कानशिलात एक ठेवून दिली आणि पुन्हा बसला. पण नको म्हणाला नाही. दुसऱ्या हाताने गाडी जास्त चमकते हे त्यालाही ठाऊक होतं.

दोन दिवसांचा रंग अजून कोवळा होता. तसाच वर मारला असता तर दुधाच्या सायीसारखा सुरकुतला असता. म्हणून मी आणि बायकोने हलक्या हाताने सगळी गाडी पुन्हा घासली. बायकोच्या चिंध्या लाल झाल्या, त्यातलं रक्त किती आणि रंग किती ते कळत नव्हतं. दुपारी मी गन हातात घेतली. बॉनेटवर हिरवा बसला. मग मडगार्ड, मग पुढचं दार. बाप उलट्या बॅरलवर बसून विडी ओढत बघत होता. माझ्यासमोर एक लाल गाडी हिरवी होत होती, आणि त्याच्यासमोर हिरव्यावर हिरवा चढत होता. मला आतून हसू फुटत होतं. ते हसू काही चांगलं नव्हतं.

अर्धी गाडी झाली तेव्हा बायकोने तोंडावरचं फडकं खाली ओढलं, कंबर ताठ केली आणि सुटकेचा श्वास सोडला.

"आता दिसतेय हिरवी," ती म्हणाली.

कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच भरून थांबला होता. शेडमध्ये ते वाक्य लख्ख ऐकू आलं.

"आता म्हणजे?" बापाने विचारलं.

बायको पांढरी पडली. "म्हणजे... छान दिसतेय, असं."

"आता म्हणजे काय? काल काय होती?" तो उठला. त्याने तिची मान मागून धरली आणि तिचं तोंड मागच्या दाराजवळ नेलं. "बोल. काल काय होती?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले की ती बोलू दे खोटं. पण ती माझ्याकडे बघत होती, मी हातात गन धरून उभा होतो तिकडे, आणि मी जागचा हललो नव्हतो. तिचा धीर तिथेच सुटला, किंवा तिथेच आला.

"लाल," ती म्हणाली. "लाल होती, मामंजी. हे दार अजून लालच आहे."

त्याने तिच्या तोंडावर मूठ मारली. ती मडगार्डवर आदळली, ओठ फाटला, ओला रंग गालाला लागला. बापाने मोगरी उचलली.

मग मी हललो. गन त्याच्या बरगडीवर बसली, तो वाकला, आणि मी मोगरी त्याच्या हातातून काढून घेतली. किती सोपं होतं ते! माझ्या हातात ताकद नव्हती असं कधीच नव्हतं. मी त्याला मानेला धरून जमिनीवर बसवलं आणि दोन उघडे डबे त्याच्यापुढे ओढले, त्याचा एक आणि माझा एक.

"हिरवा कुठला?" मी म्हणालो. "ठेव बोट."

"सोड—"

"ठेव बोट, म्हाताऱ्या! तुला येतं की नाही सांगायला?" जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं आणि जिभेला ते गोड लागलं.

त्याने डब्यांकडे बघितलं. या डब्यातून त्या डब्यात, पुन्हा या डब्यात.  साठीला आलेला माणूस, आणि चेहरा अगदी पाटीवर गणित चुकलेल्या पोराचा. त्याने हात पुढे केला आणि लाल डब्याच्या काठावर बोट ठेवलं.

मी त्या बोटावर मोगरी मारली.

तो किंचाळला. मी त्याला बघू न देता डबे फिरवले. "पुन्हा. हिरवा कुठला?" बायको ओरडत होती, "सोडा, अहो सोडा त्यांना!" त्याने दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. मी पुन्हा मारली. मग बायकोने मागून माझी कंबर धरली आणि सगळा भार टाकून मला ओढलं. आम्ही दोघंही पडलो. लाल डबा कलंडला आणि रंग जमिनीवर पसरत बापाच्या पायापर्यंत गेला. त्याने पाय मागे घेतले नाहीत.

 मग मी उठून गन साफ केली, कारण गाडी अर्धी राहिली होती आणि ऊन उतरायला लागलं होतं. बाप दोन्ही हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसला होता. मी म्हणालो, "बादली बाजूला घे, पाय अडकतोय." त्याने ती लगेच, कोपरांनी ढकलत, बाजूला घेतली. थोड्या वेळाने मी पुन्हा सांगितलं, "अजून बाजूला." त्याने अजून बाजूला घेतली. माझा पाय अडकत नव्हता. दिवस मावळायच्या आत गाडी पूर्ण हिरवी झाली.

सोमवारी गाडी घेऊन मी एकटाच डेअरीवर गेलो. सेक्रेटरीने बॉनेटवर हात फिरवला, लांबून बघितलं, जवळून बघितलं.

"रंगाच्या बाबतीत मिस्त्रींची नजर मानली पाहिजे," तो म्हणाला. "आले नाहीत ते?"

"हाताला लागलंय जरा."

त्याने गेट उघडायला सांगितलं. आठ गावं फिरून दुपारी मी घराकडे वळलो तेव्हा मागे रिकामे कॅन एकमेकांवर खणखणत होते आणि मी मोठ्याने गात होतो. खाण टळली होती. ज्याला मी जन्मभर घाबरलो तो म्हातारा आता माझ्या शब्दावर उठणार-बसणार होता. आणखी काय पाहिजे माणसाला?

बायको दारातच उभी होती. ओठ सुजलेला, हातात कपड्यांची पिशवी.

"काम मिळालं!" मी गाडीतूनच ओरडलो.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी सासूबाईंकडे जाते. त्यांना हाताखाली कुणी नाही."

"किती दिवस?"

तिने पायात चपला घातल्या.

मी खाली उतरलो. "आता कशाला घाबरतेस? तो आता मारतोय होय! दोन्ही हात गेलेत त्याचे."

"ते नाही मारणार. माहीत आहे मला." ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि उतरल्यावर मी एक पाऊल पुढे टाकलं तेवढीच ती मागे गेली होती. "दुसऱ्यांदा त्यांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "हिरव्यावरच ठेवलं होतं त्यांनी बोट. मी बघत होते."

ते मीही बघितलं होतं. मोगरी खाली यायच्या आधी बघितलं होतं.

"ऊन आहे," मी म्हणालो. "चल, गाडीने सोडतो."

"नको," ती म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, गाडीला लांबून वळसा घालून, पायीच चालू लागली.